एअरब्रश मेकअपच्या कोर्ससाठी एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा: कराडला घरगुती पार्लर, महिन्याला सरासरी २२,००० सुटतात. वर्षाला १२ नवरी मुलींचे मेकअप, प्रत्येकी ६,०००. पुण्यात सहा आठवड्यांचा एचडी-एअरब्रश (हवेच्या दाबाने गनमधून फाउंडेशन फवारायची पद्धत) ब्रायडल कोर्स आहे, फी १,४०,०००. त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडून बाकीच्या खर्चासाठी दागिने गहाण ठेवू का?

या स्वरूपात नको. शिकायला माझी ना नाही, पण खर्च १,४०,००० नाही. १८ टक्के जीएसटी धरून फी १,६५,२०० होते. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर वळता करून घेता येत नाही, अंगावरच पडतो. राहणं-जेवण १८,०००, कॉम्प्रेसर, गन, सिलिकॉन फाउंडेशन आणि बाकी किट ६०,०००, पार्लर बंद राहिल्याने बुडणारे ३३,०००. एकूण २,७६,२००.

कोर्सनंतर दर १५,००० होईल, असं तुम्ही धरलंय. म्हणजे एका नवरीमागे ९,००० जास्त, त्यातून महागड्या सामानाचे १,५०० गेले की ७,५००. पैसे वसूल व्हायला ३७ नवऱ्या लागतील, म्हणजे तीन वर्षांहून जास्त, तेही एकीनेही दराला नाही म्हटलं नाही तर. निम्म्याच तयार झाल्या तर सहा वर्षं. व्याज यात धरलेलंच नाही.

एअरब्रश सरसकट सगळ्यांना चालतही नाही. नितळ त्वचेवर पातळ, एकसारखा थर बसतो आणि तो टिकतो. मुरुमांचे खड्डे मात्र रंगाने झाकले तरी दिसतात, कोरड्या त्वचेचे पापुद्रे उठून दिसतात. मुंडावळ्या घासून कपाळावरचा पट्टा निघाला, तर स्पंजने केलेलं टचअप वेगळं ओळखू येतं. शेड बदलताना गन नीट धुतली नाही, तर नोझलमध्ये वाळलेलं फाउंडेशन चेहऱ्यावर थेंबाथेंबाने उडतं. मांडवातल्या घाईत हे नेमकं होतं.

तुमच्या हिशेबात साइड मेकअप कुठेच नाहीत, आणि कमाईची जागा मला तिथेच दिसते. नवरीची आई, मावशी, करवली: लग्नामागे तीन धरा, प्रत्येकी १,५००. पन्नाशीच्या चेहऱ्यावर नवरीसारखीच पावडर थापली की तासाभरात सुरकुत्यांत रेघा पडतात. तिथे पावडर फक्त कपाळ-नाकापुरती, ब्लश क्रीमचा, डोळ्यांखाली नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर आणि वर ओल्या स्पंजने दाबून बसवलेलं फाउंडेशन. सावळ्या चेहऱ्याला एक शेड उजळ लावली की तो राखाडी दिसतो; सिलिकाची पावडर जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत पांढरे डाग येतात. प्रौढ, सावळी, डागांची त्वचा एवढंच शिकवणारा चार-पाच दिवसांचा वर्ग शोधा.

असा वर्ग २५,००० चा धरला तर जीएसटीसह २९,५००. राहणं-प्रवास ६,०००, जादा सामान १२,०००. एकूण ४७,५००. मिळकत: १२ लग्नं, ३६ मेकअप, सामान वजा जाता प्रत्येकी १,२५० म्हणजे ४५,०००. नवरीला दोन-अडीच तास जातात, तेवढ्यात आई-मावशी एकटीने उरकणार नाहीत. मदतनिसाचे दिवसाला ८०० धरले तर ९,६०० जातील, उरतात ३५,४००. दुसऱ्या हंगामात पैसे सुटतात, आणि मदतनीस मिळाली नाही तर हा हिशेबही कोसळतो, म्हणून आधी ती ठरवा.

दीड लाखाची एफडी हीच तुमची अडीनडीची पुंजी दिसते, ती मोडू नका. कमी पडेल तेवढं त्याच एफडीवर कर्ज घ्या; व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतं. किटसाठी सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्जही मिळतं. सोनेतारण नको: एकरकमी परतफेडीच्या कर्जात मुद्दल-व्याज बारा महिन्यांत भरावं लागतं, आणि एखादा हंगाम पडला तर दागिने लिलावात जातात.

वर्ग आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात करा, तेव्हा लग्नाचे नेहमीचे मुहूर्त नसतात. फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: प्रत्येकीला किती मॉडेल स्वतःच्या हाताने करायला मिळतील, त्यांत चाळिशीपुढच्या किती, आणि मधे सोडल्यास किती पैसे परत. एअरब्रशचा विषय, पुढच्या हंगामात निदान पाच नवऱ्यांनी १२,००० च्या वर अ‍ॅडव्हान्ससह बुकिंग केलं, तर पुन्हा काढू.