डिसेंबरात ट्राउटला जावं का?

प्रश्न: उजनीच्या जलाशयात फ्लाय रॉडने (नकली किड्याचा गळ फेकायच्या लवचीक काठीने) चिलापी पकडतो. डिसेंबरच्या सुट्टीत हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचं ठरवतोय. उजनीचंच सामान चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आधी तारीख बदला. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. थंडीच्या याच दिवसांत ब्राउन ट्राउटची मादी शेपटीने तळाची खडी उकरून तिच्यात अंडी घालते. त्या खडीवर पाय पडला की अंडी चिरडतात, म्हणून ही बंदी मनापासून पाळा. मार्चमध्ये जा, मत्स्य विभागाचा परवाना काढा. पाणी तेव्हाही हाडं गोठवणारंच असतं.

९ फुटी, ५ नंबरचा रॉड चालेल. शंका आहे ती लाइनची, म्हणजे गळ फेकायच्या जाड दोरीची. उन्हात मऊ पडू नये म्हणून उष्ण हवेच्या लाइनचा गाभा मुद्दाम कडक ठेवतात. गार पाण्यात हीच लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. माशाने निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बांधलेला गळ) तोंडात घेतली तरी ढिल्या वेटोळ्यांमुळे ओढ तुमच्यापर्यंत पोचत नाही, तोवर त्याने ती थुंकलेली असते. रीळ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको), सकाळी लगेच वावभर लाइन ताणून सोडा. वेटोळी तशीच राहिली तर थंड पाण्याची तरंगती लाइन घ्या.

गार पाण्यात ट्राउटचं शरीर मंदावतं. तो भक्ष्यामागे धावत नाही, ते त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं. मोठ्या दगडामागचं खोल, संथ पाणी निवडा. टंगस्टन मण्याची १४ नंबरची निम्फ आणि ५एक्स जाडीचं टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) लावा. इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोळा) निम्फपासून खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा, म्हणजे ३ फूट पाण्याला साडेचार फूट. निम्फ अधूनमधून तळाला घासली पाहिजे. कधीच अडकत नसेल तर ती माशाच्या डोक्यावरून जातेय. मधली धार लाइनला ओढू लागली की लाइन उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाका, नाहीतर निम्फ फरफटते आणि मासा तिच्याकडे पाहतही नाही. इंडिकेटर जरा जरी थबकला तरी रॉड उचला. ११ ते ३ ही वेळ उत्तम. दुपारी पाणी गढूळ होऊन चढू लागलं तर वर बर्फ वितळतंय असं समजा आणि लगेच काठावर या.

प्रश्न: पाण्यात उतरायला गमबूट पुरेत का? (दुसरे वाचक, सोलापूर)

उत्तर: नाहीत. वरून पाणी शिरलं की जड होतात आणि शेवाळलेल्या गोट्यांवर घसरतात. वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घ्या, बुटांचे तळ फेल्टचे, म्हणजे नमद्याचे हवेत. कमरेचा पट्टा घट्ट आवळा. पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. पातळ वेडर्स पाणी अडवतात, ऊब देत नाहीत, म्हणून आत लोकरीचे कपडे घाला. सुती कपडा घामाने भिजला की अंगातली ऊब शोषतो, तेव्हा सोलापुरी टॉवेल न्या तो हात पुसायलाच. मोजे मात्र एकावर एक तीन चढवू नका: बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात.