एफटी-८१८ हा हॅम रेडिओ सेट गडावर ४ तास चालवायचा तर बॅटरी केवढी घ्यायची?

तुमचा हिशोब वाचला, मॅन्युअलमध्ये ट्रान्समिट २.७ अँपिअर लिहिलंय, गुणिले ४ तास म्हणजे जवळजवळ ११ एएच (अँपिअर-तास), म्हणून १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेताय. थांबा जरा, एवढं ओझं गडावर कशाला चढवताय!

२.७ हा पीटीटी (बोलायचं बटण) दाबून पूर्ण पॉवर जाते तेव्हाचा आकडा आहे. आपण बहुतेक वेळ ऐकतच असतो आणि रिसिव्हला हा सेट साधारण ०.४५ अँपिअर खातो. समजा पाचातला एक भाग वेळ तुम्ही बोलताय, एसएसबीवर (आवाज पाठवायची एक पद्धत) बोलतानाही करंट आवाजाबरोबर वरखाली नाचतो, सरासरी १.२ च्या आसपास धरा. म्हणजे ३.२ तास ऐकण्याचे १.४४ आणि ०.८ तास बोलण्याचे ०.९६, सगळे मिळून २.४ एएच. थोडी शिल्लक धरून ४-५ एएचची बॅटरी आरामात पुरते.

पण एफटी८ (लॅपटॉपवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) करणार असाल तर गणित पार बदलतं. तिथे १५ सेकंदांच्या स्लॉटमध्ये १२.६ सेकंद फुल कॅरिअर (पूर्ण पॉवरचा अखंड सिग्नल), सतत सीक्यू (कोणी आहे का, ही हाक) मारत बसलात तर एक स्लॉट सोडून एक, म्हणजे मिनिटाला २५ सेकंद ट्रान्समिट, सरासरी जाते १.४ अँपिअरवर आणि ४ तासांना साडेपाच एएच लागतात. शिवाय लॅपटॉप! तो बऱ्याचदा रेडिओइतकंच खातो आणि त्याचा हिशोब कोणीच करत नाही.

हे सगळे कागदावरचे आकडे झाले, तुमचा सेट, तुमची बोलायची सवय वेगळी, त्यामुळे मोजून बघाच. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून रिसिव्ह करंट बघायला ठीक आहे, पण प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला, एमए (मिलिअँपिअर) वाल्यात घातलात तर फ्यूज गेलाच म्हणून समजा. बऱ्याच मीटरवर त्या सॉकेटशेजारी बारीक अक्षरात १० सेकंद मॅक्स असंही छापलेलं असतं, ते वाचा. आणि एसएसबीचा नाचणारा करंट त्याच्या स्क्रीनवर बघून सरासरी काढणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

त्यापेक्षा आरसी विमानवाले वापरतात तो डीसी वॉट मीटर घ्या. सोर्सची बाजू बॅटरीला, लोडची रेडिओला, उलट लावू नका. तो एएच आणि वॉट-अवर जमा करत जातो, आपल्याला हवं तेच. लिथियम फॉस्फेटला तर हाच उपाय, कारण तिचा व्होल्टेज १३ च्या आसपास जवळपास सपाट राहतो आणि शेवटी धाडकन पडतो, व्होल्टमीटर बघून काही कळत नाही. स्वस्त मीटर अगदी कमी करंटला थोडे चुकतात, चालतं तेवढं. अँटेना अगदी जवळ असेल तर आरएफ (रेडिओ लहरी) घुसून आकडे वेड्यासारखे उड्या मारतात, वायरवर फेराइट क्लिप लावा नाहीतर मीटर लांब ठेवा.

आणि ट्रान्समिट करताना रेडिओच्या सॉकेटपाशी व्होल्टेज बघा, बॅटरीपाशी नाही. बॅटरीला १३.१ आणि रेडिओला १२.३ दिसलं तर वायर बारीक आहे किंवा क्रिंप (वायरच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड) ढिला, तिथे वॉट नुसते गरम होऊन चाललेत.

घरी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) अर्धा तास खऱ्यासारखं ऑपरेट करा, मध्ये मध्ये ऐका, लॉग लिहा, कॉल मारा. मीटरवर किती एएच दिसले ते इथे टाका, मग ४ एएच की ६ ते ठरवू. बॅटरीची ऑर्डर तोवर थांबवा. ७३ (शुभेच्छा)