ऑगस्टमध्ये काश्मीर ग्रेट लेक्सची वाट कशी असते? सह्याद्रीत मुरलेल्या ग्रुपला राखीव दिवस लागतो का?

तुम्ही लिहिलंय की ग्रुप ठाणे-डोंबिवलीचा आहे, सगळे सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालणारे, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सोनमर्ग ते नारानाग करायचंय आणि आपापली सॅक आपणच वाहणार. वाटेची स्थिती काय असते हे विचारलंत. शेवटी हेही विचारलंत की ग्रुपमधला एकजण राखीव दिवसाला विरोध करतोय, तो बरोबर आहे का.

तो चूक आहे. हे आधी सांगते, कारण वाटेबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे त्याचा उपयोग हातात एक दिवस जास्त असेल तरच. तो काढता येत नसेल तर यंदा माहुली करा, येऊरला जा, आणि हा ट्रेक सुट्टी मिळेल त्या वर्षावर ठेवा.

आता वाट. हिच्यावर रॉक पॅच नाही, दोर लागत नाही, म्हणून सगळे तिला सोपी म्हणतात. सह्याद्रीवाले इथेच फसतात. आपल्याकडे भर पावसातही पायाखाली बहुतेक कातळ असतो. शेवाळ कुठे आहे ते दिसतं, घसाऱ्यावर टाच रोवता येते, तोल गेला तर हाताशी कारवी असते. तिथे गवताखाली मऊ माती आहे आणि धरायला काही नाही. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चढताना पाइन आणि मेपल लागतात, निचनई खिंडीच्या अलीकडे भूर्ज, त्यानंतर बहुतेक वाट उघड्या कुरणांतून आणि खिंडींतून जाते. माती कोरडी असेल तर चालणं खरंच सुखाचं. पण रात्रभर पाऊस झाला की त्याच मातीवरून सामानाची घोडी जातात, खुरांनी वाट खणली जाते आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला घोटाभर चिखल येतो. तोही तिरक्या उतारावर.

पाऊस आपल्यासारखा रोजचा नसतो. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेची पीर पंजालची रांग मोसमी पावसाचा बराच भाग खोऱ्यात शिरण्याआधीच अडवते. पण मोसमी वारे आणि पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) एकत्र आले की दोन-तीन दिवस सलग कोसळतो. सप्टेंबर २०१४ मध्ये श्रीनगर बुडालं ते अशाच पावसात. त्यामुळे 'ऑगस्टमध्ये हवा चांगली असते' या वाक्यावर तिकिटं काढू नका.

बर्फ जुलैच्या सुरुवातीला निचनईच्या अंगाला आणि गडसर खिंडीच्या पलीकडच्या उतारावर बराच असतो. ऑगस्टपर्यंत बहुतेक वितळतो. ओढ्यांवर उरलेले बर्फाचे पूल मात्र तेव्हा जास्त धोक्याचे, कारण पाण्याने ते खालून पोखरलेले असतात आणि वरून टणक दिसतात. वाटाड्या ज्यावरून जात नाही त्यावरून तुम्ही जाऊ नका. ओढे सकाळी उतरलेले असतात आणि उन्हाने बर्फ वितळलं की दुपारी चढतात, म्हणून ओलांडायचं ते सकाळी.

खरी कसोटी गडसर खिंड. सुमारे ४,२०० मीटर, या वाटेवरची सगळ्यात उंच जागा. विशनसर तलावाच्या तळावरून निघून किशनसर तलावाच्या काठाने वर चढायचं, मग तलाव खाली ठेवून एक अरुंद वाट उतारावर तिरकी जाते. तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या. आमच्या घरात गडसरचा विषय निघाला की पंगतीतले हात थांबतात.

आमचा ग्रुप म्हणजे घरचेच लोक आणि दोन-तीन मित्र. पुढाकार माझ्या धाकट्या दिरांचा. ठाणे-रायगडमधला किल्ला त्यांनी सोडलेला नाही, आणि मला पहिल्यांदा माहुलीवर नेलं ते त्यांनीच, त्यामुळे त्यांच्याबद्दल आदर आहे आणि राहील. नौपाड्यात आमच्या घरी बसून बेत ठरला तेव्हाच मी म्हटलं होतं की एक दिवस जादा ठेवू. भावोजींनी होकार दिला, पण मनात त्या दिवसाचं नाव त्यांनी 'श्रीनगर' ठेवलं होतं. दल सरोवर, शिकारा, केशर-अक्रोडची खरेदी.

विशनसरला पोचलो त्या रात्री पाऊस लागला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. उजाडलं तेव्हा समोरचा उतार धुक्यात. आमचा वाटाड्या गुज्जर होता, लहानपणापासून याच कुरणांत वावरलेला. तो किशनसरच्या बाजूला थोडं वर जाऊन परत आला आणि म्हणाला, "आज मत जाओ, मिट्टी छूट रही है." एवढंच. माझ्यासाठी विषय तिथे संपला.

भावोजींसाठी संपला नाही. स्वयंपाकाच्या तंबूत चहा घेता घेता ते म्हणाले, "वहिनी, आपण भर पावसात शिडी घाटाने भीमाशंकर चढलेली माणसं. हा नुसता चिखल आहे." मी म्हटलं, "शिडी घाटात पाय मोडला तर खाली खांडस आहे, गाडी मिळते. इथून गाडीरस्ता पुढे गेलात तरी कित्येक मुक्काम आणि मागे फिरलात तरी दीड-दोन दिवस." त्यांना ते घाबरटपणाचं वाटलं. राखीव दिवस आज वापरला तर श्रीनगर बुडणार, हेही ते बोलले. मी तेव्हाही हेच म्हटलं आणि आजही म्हणते: राखीव दिवस डोंगरावर खर्च करायचा असतो, बाजारात नाही.

शेवटी गट फुटला. भावोजी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि मित्रांपैकी दोघं मदतनीसाला आणि एका घोड्याला घेऊन निघाले. वाटाड्याने दोनदा अडवून पाहिलं, मग हात सोडले. माझा नवरा भाऊ आणि बायको यांच्यामध्ये बराच वेळ उभा होता. तो थांबला. माझी एक मैत्रीण थांबली.

दुपारनंतर पाऊस ओसरला. आम्ही तलावाच्या काठाने फिरलो. विशनसर म्हणजे किशनगंगेचा उगम, तेच पाणी नियंत्रण रेषेपलीकडे जाऊन नीलम नावाने वाहतं. हे पाठ्यपुस्तकात वाचणं वेगळं आणि गुडघाभर पाण्याचा तो प्रवाह तलावातून बाहेर पडताना बघणं वेगळं. बकरवालांची मेंढरं संध्याकाळी उतरली. वाटाड्याने मातीची मूठ करून दाखवली आणि म्हणाला, उद्या पहाटे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मधल्या वळणावर चिखल होताच, पण वाटेची बाहेरची कड धरलेली होती. काठी रोवली की रोवलेली राहत होती. घोड्यांनी खणलेला मधला भाग सोडून आम्ही त्या कडेने गेलो आणि उन्हं तापायच्या आत खिंडीत पोचलो. वरून किशनसर आणि विशनसर दोन्ही एका नजरेत दिसतात, एक वर, एक खाली, रंग वेगवेगळे. लोक ज्या फोटोसाठी हा ट्रेक करतात तो तिथला. भावोजींच्या फोटोत फक्त धुकं आहे.

पलीकडचा उतार तीव्र आहे. तिथे आदल्या दिवशीच्या घसरल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, लांबच लांब ओरखडे. गडसर तलाव मागे टाकून पुढच्या मुक्कामावर पोचलो तर तंबूत पुतण्या पाय लांब करून बसलेला, गुडघा टम्म सुजलेला. त्या उतारावर तो घसरला, पाय खाली अडकला आणि अंग वळलं. त्यांना मुक्कामावर पोचायला अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी तो उभाच राहू शकला नाही, म्हणून चौघंही तिथेच बसून राहिले. म्हणजे त्यांनी वाचवलेला दिवस त्यांनी तंबूत घालवला आणि सातसरकडे आम्ही सगळे एकाच सकाळी निघालो.

त्यानंतर पुतण्या घोड्यावर. सातसरच्या पुढे मोठ्या धोंड्यांचा पट्टा आहे, एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत जावं लागतं. तिथे घोड्यावर बसता येत नाही. दोघांनी धरून त्याला पार नेलं, आणि ते दोघं विशनसरला माझ्याबरोबर थांबलेले होते, म्हणजे माझा नवरा आणि वाटाड्या. पुढे झच खिंडीवरून नुंदकोल आणि गंगाबल हे तलाव आणि वर हरमुख शिखर असा सगळा पसारा एकदम समोर येतो. मुलाने मान वर करून पाहिलंही नाही, इतका तो दुखण्याने मेटाकुटीला आला होता. वाईट मला त्याचंच वाटतं. ठाण्याला आल्यावर कित्येक महिने फिजिओथेरपी झाली, क्रिकेट बंद.

तरी दर गणपतीला भावोजी पाहुण्यांना सांगतात की वहिनींनी एक दिवस वाया घालवला आणि श्रीनगर बुडवलं. गुडघ्याचं विचारलं की म्हणतात, तो घरच्या जिन्यावरही पडला असता. पडला असता. पण घरच्या जिन्यावरून डॉक्टर दहा मिनिटांवर आहे. आणि आपली सवय कितीही दांडगी असो, त्या मातीची सवय त्या वाटाड्याला होती, आपल्याला नव्हती. सह्याद्रीत आपण स्वतः हेच करतो ना? मुंबईहून आलेल्या पोरांना गावकरी 'आज ओढा ओलांडू नका' म्हणाला आणि ती गेली, की आपणच त्यांना नावं ठेवतो.

बाकीची वाट थोडक्यात. निचनईच्या दिवशी लांबी जास्त, अवघड काही नाही. शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानाग, जवळजवळ १,३०० मीटर उतार एका दिवसात, पाइनच्या जंगलातून. पावसात तिथेही माती सुटते आणि थकलेले गुडघे तिथेच बोलायला लागतात. नारानागला उतरल्यावर घाईने गाडीत बसू नका, आठव्या शतकातल्या देवळांचे अवशेष रस्त्यालगतच आहेत.

तयारीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण ठाण्यात सगळे चढाचीच तयारी करतात. मामा-भांजे डोंगर चढले, खारघरची टेकडी चढली, दम सुधारला, झालं. उताराची तयारी कुणी करत नाही. घोडबंदर रोडला वीस-पंचवीस मजली इमारतीत कुणी ओळखीचं असेल तर लिफ्टने वर जा आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिन्याने उतरा, आठवड्यातून तीनदा. सॅक दहा किलोच्या वर नेऊ नका, तंबू-शिधा घोड्यावर द्या. त्यात कमीपणा काही नाही. आतला सगळा माल जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, वरचं रेन कव्हर या पावसात पुरत नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले आणि आधी महिनाभर घातलेले. काठी प्रत्येकाकडे हवी.

उंचीला मात्र आपल्याकडे तयारी होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, विशनसरचा तळ त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर, आणि खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. सोनमर्गला एक रात्र काढूनच चढायला लागा. डोकं दुखणं, मळमळ लपवू नका. बीपी असेल किंवा उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स घ्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास हमखास.

आणखी काही गोष्टी राहिल्या. मी सांगितलेली वाट आमच्या वेळची. आदल्या हिवाळ्यात बर्फ किती पडलं आणि त्या आठवड्यात पाऊस किती झाला यावर ती दरवर्षी बदलते, म्हणून निघण्याआधीच्या दोन दिवसांत सोनमर्गच्या वाटाड्याशी फोनवर बोला. ट्रेकला परवानगी लागते, आणि मार्ग त्या वर्षी खुला आहे का हे पैसे भरण्याआधी विचारा. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही सोनमर्गपर्यंतच धरा.

आता तुमच्या त्या मित्राचं. परतीचं विमान नारानागला उतरल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका, तिसऱ्या दिवसाचं काढा. मधला दिवस वाटेत लागला नाही तर श्रीनगर आहेच, मित्राला शिकारा फिरवा. आणि खिंडीच्या सकाळी शेवटचा शब्द वाटाड्याचा आणि गट फुटणार नाही, हे दोन्ही आत्ताच ग्रुपवर लिहून टाका. प्रत्येकाचा होकार आला की मग तिकिटं काढा. एखाद्याने होकार दिला नाही तर त्याचं तिकीट काढू नका, तो घरचा माणूस असला तरी.