पुढच्या पायाबद्दल कोण बोलणार?

प्रश्न : माझी मुलगी जिल्ह्याकडून ऑफस्पिन टाकायची. खांदा दुखावला आणि खेळ सुटला. आता समालोचन करायचं म्हणते. घरचे म्हणतात, पुरुषांच्या मॅचवर बाईचं कोण ऐकणार? त्यांच्यात ती कधी खेळलीय का? काय सांगू तिला?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी तिची पाठ थोपटा.

मी राज्याकडून अकरा वर्षं डावखुरी फिरकी टाकली. एकदा एका वाहिनीवर चर्चेला बोलावलं होतं. पडद्यावर एक डावखुरा स्पिनर मार खात होता. त्याचा पुढचा पाय आडवा पडत होता. तसा पडला की कंबर फिरत नाही, चेंडू बोटांतून नुसता ढकलला जातो. मला ते लख्ख दिसत होतं. निवेदकाने लेंथबद्दल, म्हणजे चेंडूच्या टप्प्याबद्दल, विचारलं शेजारच्या माजी फलंदाजाला. मला विचारलं, घर सांभाळून कसं खेळलात? मी पायाचं काढेपर्यंत ब्रेक लागला. दहा वर्षं झाली, अजून सलतं ते. आम्हाला बोलावतात ते आमची कहाणी ऐकायला; खेळातलं कळतं, ते कुणी विचारत नाही.

‘पुरुषांत खेळली नाही’ म्हणणाऱ्यांना विचारा, समालोचक हर्षा भोगले कुठे प्रथम श्रेणी, म्हणजे रणजीसारखं क्रिकेट खेळलेत? तरी ते बोलू लागले की आपण आवाज वाढवतो, आणि तो मान त्यांनी कमावलाय. मग एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी जगातली पहिली बाई, पुण्यात जन्मलेली, ऑस्ट्रेलियाकडून खेळलेली लिसा स्थळेकर, तिला फिरकीतलं कळत नाही असं कसं म्हणायचं? २०१५च्या आयपीएलमध्ये ती, अंजुम चोप्रा, इसा गुहा, मेल जोन्स या माजी महिला क्रिकेटपटू समालोचन करत होत्या. आणि इंदूरच्या चंद्रा नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंची लेक, त्यांनी तर १९७७मध्येच माइक हातात घेतला होता. इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या घरात हा प्रश्न निघतोच, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीला सांगा, टीव्हीचा आवाज बंद करून पाच षटकं मोबाइलवर बोलून रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी ऐक आणि नुसता धावफलक वाचलेली वाक्यं खोडून टाक. पहिल्या दिवशी चार-पाचच उरतील. पण मनगट, पाय, क्षेत्ररक्षकाची जागा हे सगळं त्यांतच असेल. गावातल्या स्पर्धांत स्कोअररशेजारी बसायची सवय लावा, नावं आणि आकडे तोंडात बसतात. आणि मराठीतच सुरुवात करू दे.

पहिलं रेकॉर्डिंग मला पाठवा. मी ऐकून कळवते.