डेन्व्हरमध्ये राहून ‘वाइल्ड वेस्ट’च्या टपालाचा संग्रह कसा सुरू करावा?

तुम्ही विचारलंय की, लहानपणी तिकिटं जमवायचात, आता नोकरीनिमित्त डेन्व्हरला आहात, तर अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या जुन्या टपालाचा संग्रह पोनी एक्सप्रेसपासून सुरू करावा का?

नको. पोनी एक्सप्रेस, म्हणजे घोडेस्वारांची ती टपालसेवा, आधी डोक्यातून काढून टाका. एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861 अशी जेमतेम दीड वर्षं ती चालली. मिसूरीतल्या सेंट जोसेफहून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला दहाएक दिवसांत पत्र जायचं आणि सुरुवातीला अर्ध्या औंसाला 5 डॉलर पडायचे. तारायंत्राची लाइन जोडली गेली आणि दोनच दिवसांत घोडे थांबवल्याचं जाहीर झालं. आज अडीचशेच्या आसपास अस्सल पाकिटं माहीत आहेत, त्यांचे लिलाव आपल्यासारख्यांनी लांबूनच बघायचे. ऑनलाइन स्वस्तात दिसतं ते बहुतेक वेळा वर्धापनदिनाचं पाकीट असतं. घोडेस्वाराचं 3 सेंटचं तिकीट 1940 चं, 4 सेंटचं 1960 चं. विकणारा ‘पोनी एक्सप्रेस कव्हर’ (कव्हर म्हणजे पाकीट) लिहितो आणि ते खोटंही नसतं!

त्यापेक्षा तुम्ही राहता तिथूनच सुरुवात करा. 1858-59 च्या सोन्याच्या धावपळीत डेन्व्हर वसलं तेव्हा कोलोरॅडो नावाचा प्रदेशच नव्हता. तो भाग कॅन्सस टेरिटरीत (टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) होता, म्हणून सुरुवातीच्या शिक्क्यांवर ‘डेन्व्हर सिटी, के. टी.’ असं दिसतं. कोलोरॅडो टेरिटरी झाली फेब्रुवारी 1861 मध्ये आणि राज्य झालं 1876 मध्ये. के. टी. वाली पाकिटं महाग आहेत, पण 1870 च्या दशकातली, 3 सेंटचं हिरवं तिकीट लावलेली कोलोरॅडोची पाकिटं बेताच्या किमतीत मिळतात. लीडव्हिलसारख्या भरभराटीच्या गावाची भरपूर सापडतात. खाण संपली, माणसं उठून गेली, पोस्ट ऑफिस बंद पडलं, अशा गावाचा शिक्का असेल तर भाव चढतो.

या छंदात खरी मजा पाकीट वाचण्यात आहे आणि त्यासाठी टपालाचे दर पाठ हवेत. 1851 पासून तीन हजार मैलांच्या आतल्या पत्राला आधी पैसे भरले तर 3 सेंट, त्यापलीकडे 6 सेंट. 1855 मध्ये लांब पल्ल्याचा दर 10 सेंट झाला आणि आधी भरणं सक्तीचं झालं. 1 जुलै 1863 पासून अंतराचा प्रश्नच मिटला, सगळीकडे 3 सेंट. ऑक्टोबर 1883 मध्ये ते 2 सेंटवर आले. आता समजा, 1858 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला गेलेलं पाकीट समोर आलं आणि त्यावर 3 सेंटचं एकच तिकीट आहे. तिथेच थांबायचं. एकतर तारीख चुकीची लावली आहे, नाहीतर तिकीट कुणीतरी नंतर चिकटवलं आहे. त्या काळातल्या कितीतरी शिक्क्यांवर साल नसतंच, तेव्हा दर, तिकीट आणि पाकिटाच्या कडेला घेणाऱ्याने केलेली नोंद यांवरूनच साल काढावं लागतं.

पत्र कुठल्या वाटेने गेलं तेही बघा. 1859 च्या अखेरीपर्यंत कॅलिफोर्नियाचं टपाल एरवी बोटीने पनामामार्गे जायचं. जमिनीवरून टपाल नेणाऱ्या बटरफील्ड कंपनीच्या घोडागाडीने जायला हवं असेल तर लोक पाकिटावर ‘ओव्हरलँड, व्हाया लॉस एंजेलिस’ असं हाताने लिहीत. ही गाडी 1858 पासून आठवड्यातून दोनदा, एल पासो आणि युमावरून मोठा वळसा घालून जायची, आणि करारानुसार टपाल 25 दिवसांत पोचवायचं होतं. पाकिटावरच्या त्या एका ओळीने किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणूनच ती ओळ नंतर लिहिली गेली असण्याची शक्यताही कायम धरायची.

माझं स्वतःचं लाडकं प्रकरण म्हणजे वेल्स फार्गो ही टपाल नेणारी खाजगी कंपनी. माझ्याकडे एक पाकीट आहे: उजव्या कोपऱ्यात सरकारचं छापील 3 सेंटचं गुलाबी तिकीट, शेजारी ‘वेल्स, फार्गो अँड को. पेड’ असा छापील मजकूर आणि खाली नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीचा निळा लंबगोल शिक्का. सरकारी पोस्टाचा शिक्का मात्र कुठेच नाही. 1852 च्या कायद्याने सरकारी तिकीट छापलेल्या पाकिटातलं पत्र खाजगी कंपनीला पोस्टाबाहेरून नेता येऊ लागलं. म्हणजे सरकारने काहीही न करता आपले 3 सेंट घेतले आणि गिऱ्हाईकाने कंपनीला वर वेगळे दिले. लोक दोनदा पैसे का मोजत? कारण खाणीच्या वस्तीवर कंपनीचा माणूस होता आणि टपाल लवकर पोचायचं. अशी साधी पाकिटं आजही शंभर डॉलरच्या आत मिळू शकतात आणि शिकायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

हाताने लिहिलेल्या शिक्क्यांना नाक मुरडू नका. लहान पोस्टमास्तरांना सरकार ठसा देत नसे. ते शाईने गावाचं नाव नि तारीख लिहीत, तिकिटावर फुली मारत, बस. पण नक्कल करायलाही हेच सगळ्यात सोपं, म्हणून रक्कम मोठी असेल तर फिलाटेलिक फाउंडेशन किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र मागा. द्यायला विक्रेता कुरकुरला तर सोडून द्या. गाव खरंच होतं का, पोस्टमास्तर कधी नेमला, हे नॅशनल आर्काइव्हजच्या नेमणूक-नोंदींत सापडतं.

आपण लहानपणी तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचो, ते इथे पाप आहे. मागची जुन्या संग्राहकांची पेन्सिलीतली टिपणंही खोडू नका, पाकिटाचा माग त्यांतूनच लागतो. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिएस्टरच्या घ्या.

आणि डेन्व्हरला आहात हे तुमचं नशीब. रॉकी माउंटन फिलाटेलिक लायब्ररी, म्हणजे तिकीटसंग्राहकांचं ग्रंथालय, तुमच्याच शहरात आहे आणि रॉकी माउंटन स्टॅम्प शो (पूर्वीचं रोम्पेक्स) हे तिकिटांचं प्रदर्शनही डेन्व्हरच्या परिसरातच भरतं. पैसे खर्च करण्याआधी लायब्ररीत जाऊन कोलोरॅडोच्या शिक्क्यांची पुस्तकं चाळा. प्रदर्शनात विक्रेत्यांच्या टेबलाखालचे स्वस्तातले खोके असतात, ते आधी उपसा. काचेतला माल नंतर.