आयन, अयन आणि मिठातला बंध

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "रासायनिक बंध शिकवताना एका मुलीने विचारलं, 'बाई, आयन म्हणजे उत्तरायणातलं अयनच का?' मला उत्तर देता आलं नाही. शिवाय मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं, 'मिठात सोडियम व क्लोरीनची आयने रासायनिक बंधनाने जोडलेली असतात.' ते बरोबर आहे का?"

त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. तिला जे ऐकू आलं ते खरं आहे, फक्त नातं तिला वाटलं तितकं जवळचं नाही.

आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणुगट, हा शब्द मराठीत संस्कृतातून आलेला नाही, इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो १८३४ साली इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी रूढ केला. द्रावणातून वीज जाऊ दिली की पदार्थाचा काही भाग एका टोकाकडे सरकतो, काही दुसऱ्या टोकाकडे. या सरकणाऱ्या भागांना नाव हवं होतं, म्हणून फॅरडेंनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार केला. ह्यूएल ग्रीक जाणणारे. त्यांनी सुचवलेला मूळ ग्रीक शब्द 'इऑन', म्हणजे 'जाणारं'. त्यातल्या 'इ'चा इंग्रजांच्या तोंडी 'आय' झाला आणि तो उच्चार ऐकून आपण 'आयन' लिहू लागलो. आपल्या आयनातला 'आ' आला तो असा, उच्चारातून.

उत्तरायणातला 'आ' मात्र संधीचा आहे: उत्तर अधिक अयन. दोन 'अ' एकत्र आले आणि 'आ' झाला, पुढे 'र'च्या प्रभावाने 'न'चा 'ण' झाला. दक्षिणायनात तो 'न'च राहिला. पारायणातही हेच अयन आहे.

आता नात्याकडे. अयन हा शब्द संस्कृत 'इ' या धातूपासून होतो. अर्थ 'जाणे'. 'एति' म्हणजे 'तो जातो'. ग्रीकमध्येही 'जाणे' या अर्थाचा धातू 'इ'च आहे, आणि हा योगायोग नाही. दोन्ही भाषांना तो एकाच जुन्या मूळ भाषेकडून मिळाला. ग्रीकमध्ये 'जाणारा' या अर्थाच्या रूपाचं अंग 'इओन्त्', तर संस्कृतात 'यन्त्'. शेजारी शेजारी ठेवून म्हणून पाहा. तेव्हा आयन हे अयनाचं अपत्य नाही, पण चुलत भावंड नक्की आहे.

या भावंडांच्या गोष्टीत सूर्यही दोन्हीकडे आहे. उत्तरायणात तो आहेच. पण फॅरडेंनी विजेच्या दोन टोकांना नावं देताना अशी कल्पना केली, की द्रावणातला प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने वाहतो आहे. पूर्वेचं टोक ते अ‍ॅनोड, म्हणजे वर जाण्याची, सूर्योदयाची वाट. पश्चिमेचं टोक ते कॅथोड, खाली उतरण्याची, सूर्यास्ताची वाट. त्यावरूनच अ‍ॅनायन (अ‍ॅनोडकडे जाणारा ऋण आयन) आणि कॅटायन (कॅथोडकडे जाणारा धन आयन) ही नावं झाली. धनाग्र आणि ऋणाग्र हे आपले शब्द सोपे आहेत आणि मी तेच वापरतो, पण सूर्य त्यांत राहिला नाही याची मला थोडी हळहळ वाटते.

आणि ज्या विषयाच्या तासाला हा प्रश्न आला त्याच्या नावातच अयन आहे: रस अधिक अयन, रसायन. हे त्या मुलीला अवश्य सांगा.

'जाणारा' हा अर्थ डोळ्यांनी दाखवता येतो. काचपट्टीवर पाण्यात भिजवलेला गाळणकागद ठेवायचा, त्याच्या दोन कडांना बॅटरीची दोन टोकं जोडायची आणि मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक स्फटिक ठेवायचा. आधी त्याच्याभोवती जांभळा डाग पडतो. मग हळूहळू त्या डागाला शेपूट फुटतं, आणि ते धनाग्राच्याच दिशेने लांबत जातं. तो जांभळा रंग परमँगनेट या ऋण आयनाचा. पोटॅशियमचे धन आयन त्याच वेळी उलट दिशेला चाललेले असतात, पण त्यांना रंग नसल्याने दिसत नाहीत.

मिठाच्या कोरड्या खड्यात मात्र हे 'जाणारे' कुठेही जात नाहीत. वीज लावा, जागचे हलणार नाहीत. खडा पाण्यात विरघळला किंवा ८०१ अंश सेल्सिअसला वितळला, की मगच त्यांना वाट मिळते. फॅरडेंची समजूत होती की वीज पदार्थ फोडते आणि त्यातून आयन निघतात. पुढे १८८० च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी मांडलं की द्रावणात आयन आधीपासूनच सुटे असतात, विजेची वाट पाहत नाहीत. या सिद्धांताला १९०३ चं नोबेल मिळालं. नाव जाण्यावरून पडलं, पण आज आपण विद्युतभार असलेल्या कोणत्याही अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतो, तो जागचा हलो न हलो.

मुलांचा खरा गोंधळ धन आणि ऋण यांत होतो. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन मिळाला, मग त्याचं धन वाढायला हवं, तो ऋण कसा? इथे मराठी शब्दांचा मूळ अर्थच मदतीला येतो. धन आणि ऋण हे शब्द ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली बेरीज-वजाबाकीचे नियम सांगताना वापरले, आणि त्यांतला ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉनचा भारच ऋण. ज्याने तो घेतला त्याच्या खात्यावर ऋण चढलं. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन, केंद्रकाभोवतीच्या कवचांत त्यांची मांडणी २, ८, १. शेवटचा एक दिला की उरतात १०, पण केंद्रकात प्रोटॉन ११च, म्हणून तो धन. क्लोरीन २, ८, ७. एक घेतला की शेवटच्या कवचातलं आठांचं अष्टक पूर्ण, आणि तो ऋणी. देणारा धन, घेणारा ऋणी, हे मुलांच्या पटकन लक्षात राहतं.

आता बंध की बंधन? मी बंध म्हणेन. बंधन ही बांधण्याची क्रिया, आणि रोजच्या मराठीत ते निर्बंधाच्या अर्थाकडे झुकतं. बंध म्हणजे प्रत्यक्ष दुवा. पण बंध म्हटलं की अंगरख्याचे बंध, दोन टोकांना जोडणारी नाडी, असं चित्र उभं राहतं, आणि मिठाच्या बाबतीत ते फसवं आहे. भिंगाखाली मिठाचा दाणा इवल्या घनासारखा दिसतो. त्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन असतात. ओढ सगळ्या बाजूंनी सारखी. कोणता सोडियम कोणत्या क्लोराइडचा, हे सांगता येत नाही, म्हणून 'मिठाचा रेणू' हा शब्दप्रयोगही टाळावा. नाडीचं चित्र शोभतं ते सहसंयुज बंधाला, कारण तिथे दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची जोडी खरोखर सामाईक असते. पाठ्यपुस्तकात यालाच इलेक्ट्रॉनांचं 'संदान' म्हणतात. मुलं ते 'एकत्र मिळून दान' असं समजतात आणि अर्थ बरोबर लागतो. पण जुन्या संस्कृतात संदान म्हणजे गुरं बांधायचा दोर, आपलं दावं. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

राहिलं व्याकरण. आयन पुल्लिंगी आहे: एक आयन, अनेक आयन, आयनांचा. 'आयने' नको. आयनीभवन म्हणजे आपसूक आयन होणं, आयनीकरण म्हणजे कुणीतरी करणं. धनायन आणि ऋणायन ही जोडरूपंही चालतील. आयनांबरात, म्हणजे वातावरणातल्या आयनांनी भरलेल्या वरच्या थराच्या नावात, तर त्याने आपल्या अंबराशी बिनतक्रार संधी केलाच आहे.

फळ्यावरचं वाक्य असं लिहा: "मिठात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन आयनिक बंधाने जोडलेले असतात." क्लोरीन नव्हे, क्लोराइड, इलेक्ट्रॉन घेतला की नावही बदलतं.