मातीतले रंग आणि अजिंठ्याची सहल

सप्रेम आशीर्वाद.

चित्रकलेच्या तासाला निम्म्या मुलांकडे रंगच नसतात, असं तू कळवलंस. रंगपेट्यांसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज जरूर दे, पण तोवर हात बांधून बसू नकोस. आपल्या भागात तांबडा मुरूम आहे, पिवळसर मुरूम आहे, घरांच्या माळवदाला वापरतात ती पांढरी माती आहे. यांचे रंग काढायला सहावी-सातवीच्या मुलांना शिकव.

प्रत्येकाने दोन मुठी माती आणावी. एक तांब्या माती पाच तांबे पाण्यात कालवा आणि अर्धा मिनिट थांबा. वाळू-खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी जुन्या सुती फडक्यातून दुसऱ्या बादलीत गाळा. इथे घाई झाली की वाळू रंगात येते आणि ब्रशखाली कागद खरवडला जातो. रात्रभर निवळू द्या, सकाळी नितळ पाणी ओतून टाका, खालचा गाळ ताटलीत वाळवून खलात कुटा.

50 ग्रॅम बाभळीचा डिंक 100 मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घे. दोन चमचे पुडीला एक चमचा डिंकाचं पाणी, हे सुरुवातीचं माप. मग कागदाच्या तुकड्यावर पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि बोटाने घासायचा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्टा चकाकून तडकला तर डिंक जास्त. प्रत्येक मातीला डिंक वेगळा लागतो, म्हणून ही चाचणी मुलांनीच करावी. खरं शिक्षण या पट्ट्यांतच आहे. डिंकाचं पाणी उन्हाळ्यात लवकर आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच कर.

काळी माती मुलं हमखास आणतील. ती वाळताना आक्रसते, त्यामुळे उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा कागदावर पडतात. एकदा पडू दे, कारण विचारू दे. काळ्यासाठी दिव्याची काजळी बरी. मात्र ती पाण्यावर तरंगते, म्हणून आधी थेंबभर डिंकात खलून मग पाणी घालायचं.

निळा मात्र मिळणार नाही. बाजारातून आणूही नकोस. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही तांबडा, पिवळा मातीतून घेतला, काळा काजळीतून घेतला. निळ्यासाठी लाजवर्द दगड दूरदेशाहून आणावा लागला. हे स्वतः रंग केलेल्या मुलाला सांग, मग त्याला सहलीला ने. लेण्यात तो निळा कुठे आणि किती जपून वापरलाय ते तोच शोधेल.

सहल सोमवारी ठेवू नकोस, त्या दिवशी अजिंठा बंद असतं. फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून पुढे बसने जावं लागतं. त्याचा वेळ धर. सगळी लेणी दाखवायचा हट्ट सोड. चित्रांसाठी 1, 2, 16 आणि 17 पुरेत. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहू दे, अंधाराला डोळे सरावले की रेषा दिसू लागतात. फ्लॅशला मनाई आहे हे आधीच बजाव. प्रत्येकाला एकच काम दे: एकाला फक्त हात, एकाला मुकुट, एकाला छतावरचं कमळ, आणि तेही पेन्सिलीनेच. रंग निघून गेलेल्या जागी गिलावा दिसतो. त्यात भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेली माती आहे, त्यावर पांढरा पातळ थर आणि मग रंग. मुलांना ती जागा मुद्दाम दाखव.

पालक एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचं विचारतील, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. तयारी जरूर घे, पण आठवीपासून. त्याआधी वस्तुचित्राच्या ठरीव मांडण्या घोटवून घेतल्या की मुलं समोरची वस्तू बघणंच सोडतात.

मातीचे रंग शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर नकोत, पहिल्याच पावसात डिंकासकट वाहून जातात. जाड कागद वापर. प्रदर्शनात निवडक दहा चित्रं न लावता सगळी लाव, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि प्रत्येक चित्राखाली नावासोबत माती कुठल्या शिवारातली तेही लिहायला लाव.

तुझे,
सर